परसातलं जुनं तारेचं कुंपण काढताना

साताऱ्याकडे आमच्या घराभोवती तीसेक वर्षांचं काटेरी तारेचं कुंपण होतं. रस्त्याच्या बाजूला सिमेंटचे खांब, परसाकडे लाकडी डांब, एका अंगाला लोखंडी अँगल. ज्या वर्षी हातात जेवढे पैसे आले, तेवढं ते पुढे गेलेलं. डांब कुजले, तारांना गंज चढला, कुत्री-डुकरं खालून ये-जा करू लागली, तेव्हा ते काढायचं ठरलं. मागची बाजू आम्ही एका रविवारी उत्साहात उपटून टाकली. संध्याकाळी नवीन खांबांसाठी दोरी धरायला गेलो, तर जुनी रेषा नेमकी कुठून जात होती हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. दीड फुटाचा प्रश्न होता. शेजारच्या काकांशी त्यावरून चार महिने बोलणं बंद होतं.

उरलेल्या तीन बाजू मग शहाणपणाने काढल्या. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. पहिल्या दिवशी पक्कड आणि पहार लागत नाही. टेप, दोरी आणि शेजारी लागतो.

आधी रेषा धरून ठेवा

कुंपण उभं आहे तोवर त्याची जागा सगळ्यांना मान्य असते. ते उपटल्यावर उरते ती प्रत्येकाची आठवण, आणि प्रत्येकाची आठवण आपल्या बाजूला थोडी झुकलेली असते. म्हणून काम सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून घ्या. 'काका, कुंपण बदलतोय, जरा मापाला उभं राहता का?' एवढं म्हटलं तरी पुष्कळ होतं.

माप घ्यायची सोपी रीत अशी. न हलणाऱ्या दोन जागा निवडा, म्हणजे घराचे दोन कोपरे किंवा घराचा एक कोपरा आणि विहिरीचा कठडा. कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्यातल्या खांबापर्यंत या दोन्ही जागांपासून टेप धरा आणि दोन्ही मापं लिहून ठेवा. एकाच जागेपासून घेतलेलं माप कोपरा दाखवत नाही. दोन मापं जिथे जुळतात तो बिंदू मात्र पुन्हा हमखास सापडतो. चारही बाजूंचे फोटो काढा, मापांच्या कागदावर दोघांच्याही सह्या घ्या आणि एक प्रत त्यांना द्या.

कोपऱ्यातले खांब सगळ्यात शेवटी काढायचे. त्यांच्या आतल्या अंगाला सळईचा दोन फुटी तुकडा जमिनीलगत येईपर्यंत ठोकून ठेवा. वर राहिलेलं टोक पायात घुसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कुंपण म्हणजे हद्द असं धरून चालू नका. पूर्वीच्या माणसांनी वाद नको म्हणून कुंपण हातभर आत घेतलेलं असतं, कधी मध्ये झाड आलं म्हणून वळवलेलं असतं. घरात मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत (मोजणीनंतर अर्जदाराला मिळते ती) असेल तर ती काढून ताडून बघा. नसेल आणि मनात शंका असेल, तर भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणी होईपर्यंत कुंपणाला हात लावू नका. कुंपणाच्या ओळीत एखादा जुना घडीव दगड रोवलेला दिसला तर तो हद्दीचा असू शकतो. तो जागचा हलवायचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हद्दीची निशाणी मुद्दाम हलवणं किंवा नासवणं दंडाला पात्र आहे.

कामाचा अंदाज

चार गुंठ्यांची चौरस जागा धरा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, तेव्हा चार गुंठ्यांची एक बाजू ६६ फूट आणि सगळा फेरा २६४ फूट. दर आठ फुटांवर खांब असेल तर ३३ खांब होतात. तारेच्या चार ओळी असतील तर हजार फुटांहून जास्त तार निघते. दोन माणसांना तारा काढायला एक दिवस आणि खांबांना किमान दोन दिवस धरा. आम्हाला खांबांना अडीच दिवस लागले.

एकट्याने हे काम करू नये. तार एकाने धरायची आणि दुसऱ्याने तोडायची असते. सिमेंटचा चार इंची, सात फुटी खांब पन्नास किलोच्या घरात जातो, म्हणजे सिमेंटची भरलेली गोणी. एकट्याने तो उभ्याचा आडवा करायला गेलं की कंबर तरी जाते नाहीतर पायाचा अंगठा.

हंगाम दिवाळीनंतरचा चांगला. गवत वाळायला लागलेलं असतं आणि जमिनीत खाली ओल टिकून असते, त्यामुळे खांब हलतो. एप्रिल-मे महिन्यांत काळी जमीन दगडासारखी होते आणि मुरुमात पहार वाजते. भर पावसात पाय घसरतो, त्यात हातात काटेरी तार. उन्हाळ्यातच करावं लागलं तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक खांबाच्या बुडाशी दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि रात्रभर मुरू द्या.

कुंपणाभोवती एक फेरी

हातात काठी घ्या आणि काही न तोडता पूर्ण कुंपण चालून बघा. पहिली नजर विजेकडे. खांबावरून घराची सर्व्हिस वायर गेली आहे का, बोअरच्या पंपाची केबल तारेला बांधली आहे का, घराचा अर्थिंगचा खड्डा कुंपणाजवळ आहे का, हे बघा. आमच्याकडे पंपाची केबल तारेच्या दुसऱ्या ओळीला सुतळीने बांधलेली होती आणि एका जागी तिची साल निघालेली होती. तिथे तार ओढली असती तर सगळ्या कुंपणात वीज उतरली असती. आपल्या घरची केबल असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून सोडवून घ्या. महावितरणची तार असेल तर त्यांच्याच माणसाला बोलावा. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक चालतो. पाण्याची पाइपलाइन कुंपणाच्या कडेने पुरलेली असेल तर तिची जागा चुन्याने आखून ठेवा, नाहीतर पहार नेमकी तिच्यावर पडते.

दुसरी नजर सापाकडे. कुंपणाच्या बुडाशी वर्षानुवर्षं पालापाचोळा, विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या साठतात, उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप येतो. देशावर घोणस आणि नाग, कोकणात त्यांच्या जोडीला फुरसं. फुरसं तर दगडाखाली वीतभर जागेत बसतं. गवत आधी लांब दांड्याच्या आकडीने कापा, ढीग काठीने उसकटा आणि मग हात घाला. पायात गमबूट असू द्या. चावा झालाच तर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला आडवं करून हलू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचवा.

तिसरी नजर कुंपणात वाढलेल्या झाडांवर. गावाकडे तारेच्या जोडीने शेर, निवडुंग किंवा घायपात लावलेलीच असते. शेराची फांदी तुटली की पांढरा चीक उडतो. तो डोळ्यात गेला तर डोळ्याची आग आग होते आणि नजरेला इजा पोचू शकते. शेर तोडताना डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जवळ पाण्याची भरलेली बादली हवीच. चीक गेलाच तर डोळा चोळू नका. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. शेराचा ढीग पेटवू नका, धुरानेही डोळे आणि घसा चुरचुरतो. घायपाताच्या रसाने अंगाला खाज सुटते आणि पुरळ येतं, म्हणून तिची पानं उघड्या हाताने उचलायची नाहीत. मोठं झाड मात्र आपल्या जागेतलं असलं तरी परस्पर तोडता येत नाही. शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि गावातही आधी चौकशी करूनच कुऱ्हाड लावावी.

हत्यारं आणि कपडे

लांब दांड्याची वायर कापायची कात्री (दुकानात बोल्ट कटर मागा), एक मोठी पक्कड, कटावणी, हातोडा, घण, हॅकसॉ (लोखंड कापायची करवत), पाच फुटी पहार, टिकाव, फावडं, घमेलं, आठ-दहा फूट जाड साखळी, एक लोखंडी डबा आणि एक लाकडी ओंडका. एवढ्यात काम होतं.

हातमोजे कापडी किंवा रबरी घेऊ नका, काटा त्यांतून आरपार जातो. वेल्डिंगवाले वापरतात ते कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घ्या. पैसे वाचवायची जागा ही नव्हे. साडीचा पदर, ओढणी, सैल बाह्या तारेत अडकतात, म्हणून अंगाबरोबर बसणारे कपडे घाला.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. 'गंजका खिळा लागला की धनुर्वात होतो' असं आपण म्हणतो, पण दोष गंजाचा नसतो. ते जंतू मातीत आणि शेणात असतात आणि खोल, मातीने भरलेल्या जखमेत वाढतात. कुंपणाची तार नेमकी तशीच जखम करते. दहा वर्षांत इंजेक्शन झालं नसेल तर कामाआधीच घेऊन या. खोल जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तारा काढणं

सगळ्यांत जास्त इजा इथे होते, म्हणून इथे घाई नको.

ताणलेली तार तुटली की सापासारखी उसळते आणि गोल वळत मागे येते. ती मध्येच तोडायची नाही. सुरुवात टोकाच्या खांबापासून करा. एकाने खांबापासून दोन-तीन फुटांवर तार पक्कडीत घट्ट धरायची. दुसऱ्याने खांबाला अगदी लागून कात्री लावायची आणि खांबाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे तार उसळली तरी खांब मध्ये असतो. तोडल्यावर पक्कडवाल्याने हळूहळू पुढे चालत ताण सोडायचा. पोरंबाळं, कुत्री आणि बघे तीस फुटांच्या आत नकोत.

वरची ओळ आधी, मग तिच्या खालची. खालची ओळ आधी सोडली तर ती गवतात पडते आणि तुम्ही वरच्या तारेकडे बघत असताना पायात येते. सगळ्यात खालची ओळ बहुतेक वेळा मातीत गेलेली असते. ती जोर लावून ओढू नका. माती पहारीने सैल करा आणि चार-चार फुटांचे तुकडे करून काढा.

लाकडी डांबावर तार यू आकाराच्या खिळ्यांनी ठोकलेली असते. कटावणीचं टोक खिळ्याच्या वाकाखाली घालून वर हातोडीचा एक ठोका दिला की खिळा उचलतो, मग पक्कडीने ओढा. सिमेंटच्या खांबावर बाइंडिंग वायरची गाठ असते, ती सरळ तोडा. अँगलला तार भोकातून ओवलेली असेल तर प्रत्येक अँगलच्या दोन्ही बाजूंना तोडणं सगळ्यात सोपं. गंजकी तार पुन्हा वापरायची नाहीच, मग लांबी जपण्यात वेळ का घालवा.

निघालेला प्रत्येक खिळा आणि गाठीचा प्रत्येक तुकडा डब्यात गेला पाहिजे. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण आमच्याकडे गाय आहे. गाई-म्हशी चारा चावून बघत नाहीत, घासाबरोबर इंचभर तार सरळ गिळतात. ती जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या एका कप्प्यात, जाऊन बसते, आणि जाळीपोटापासून काळीज फार लांब नसतं. तार पोटाची भिंत भोसकून पुढे सरकली की जनावर चारा सोडतं, पाठ वाकवून उभं राहतं, कण्हतं. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. कुंपण काढलेल्या पट्ट्यात पुढे गवत उगवणार आणि तिथेच जनावर चरणार.

तार गुंडाळताना ती स्वतःकडे ओढत आणायची नाही. ती जिथे पडली आहे तिथून आपण चालत जायचं आणि दोन फुटी वेटोळं जमिनीवर गडगडवत न्यायचं. पन्नास-साठ फुटांचं एक वेटोळं पुरे. त्याहून मोठं केलं की उचलताना अंगावर येतं. तयार वेटोळं तारेच्याच तुकड्याने तीन जागी बांधा.

तार झाडाच्या खोडात शिरलेली असेल तर ती उपसून काढू नका, साल फाटून झाड आजारी पडतं. दोन्ही बाजूंनी खोडालगत तोडा आणि त्या उंचीवर रंगाचा पट्टा मारून ठेवा. उद्या कुणी ते झाड करवतीने कापायला घेतलं तर आत लोखंड आहे हे त्याला दिसलं पाहिजे.

खांब उपटणं

खांब ढकलून पाडण्याचा मोह होतो, आणि चूक तिथेच होते. लाकडी डांब जमिनीच्या पातळीलाच कुजलेला असतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच लागतात. ढकलला की तो बरोबर तिथे मोडतो आणि दीड-दोन फुटांचा खुंट खाली राहतो. सिमेंटचा खांबही आडव्या जोराने जमिनीलगत तुटतो आणि आतल्या सळया वर येऊन भाल्यासारख्या उभ्या राहतात. खांब वरच्या दिशेनेच निघाला पाहिजे.

आधी बुडाभोवतीची माती टिकावाने फूटभर मोकळी करा. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून खांब थोडा-थोडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. भोक रुंद होतं आणि मातीची पकड सुटते. आता जमिनीपासून वीतभर वर साखळीचे दोन वेढे घट्ट घाला. खांबाला लागून लाकडी ओंडका ठेवा, पहार ओंडक्यावर टेकवून तिचं टोक साखळीच्या फासात घाला आणि दुसरं टोक खाली दाबा. खांब दोन-तीन इंच वर येतो. साखळी खाली सरकवा, पुन्हा दाबा. आठ-दहा वेळा केलं की खांब हाताने उचलता येतो. माझ्या साठीच्या वडिलांनी असे चार डांब स्वतः काढले. ताकद फारशी लागत नाही, पहारीला टेकू बरोबर मिळायला हवा.

ट्रॅक्टर मिळत असेल तर त्याच्या मागच्या लिफ्टला साखळी लावून खांब सरळ वर उचलता येतो. पण ट्रॅक्टर पुढे चालवून खांब ओढायचा नाही. त्यात खांब तुटतो किंवा साखळी तुटून मागे येते.

सिमेंटचा खांब बाहेर आला की तो धाडकन पाडू नका, दोघांनी धरून आडवा करा. मग हातोडीने त्यावर टिचकी मारत जा. खणखणीत वाजला आणि उभी चीर नसली तर पुन्हा वापरता येईल. उभी चीर म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे, आणि असा खांब नवीन तारेचा ताण घेणार नाही.

मोडलेला खुंट वरून उकरून निघत नाही. त्याच्या एका बाजूला, खुंटाच्या बुडापर्यंत जाईल असा उतरता खड्डा घ्या आणि त्या पोकळीत खुंट पहारीने ढकला.

लोखंडी अँगलच्या पायाला बहुधा काँक्रीट असतं. चारी बाजूंनी खणून ते उघडं करा आणि घणाचा घाव मधोमध न घालता कडेवर घाला, कपची उडून काँक्रीट लवकर फुटतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. काही केल्या हललं नाही तर फूटभर खाली खणून अँगल तिथे हॅकसॉने कापा. वाळल्या गवतात ग्राइंडर चालवू नका. ठिणगीने गवत पेटायला वेळ लागत नाही, आणि डिसेंबरनंतर आमच्याकडचं माळाचं गवत काडीसारखं असतं.

कुंपणात सिमेंटचे जुने करडे पत्रे उभे केलेले असतील तर जास्त जपा. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पत्रे फोडू नका, कापू नका. पाणी मारून ओले ठेवा, नटबोल्ट सोडवून अख्खे उतरवा आणि तोंडाला चांगला मास्क लावा.

खड्डे त्याच दिवशी भरा

नवीन खांब त्याच जागी यायचा असेल तर खड्डा दगडाने किंवा फळीने झाकून ठेवा. नाहीतर संध्याकाळच्या आत बुजवा. दोन फुटी अरुंद खड्ड्यात वासराचा किंवा लहान मुलाचा पाय गेला की मोडतोच. माती एकदम लोटू नका. सहा-सहा इंचांचे थर टाका, थोडं पाणी शिंपडा आणि धुम्मसने किंवा पहारीच्या जाड टोकाने ठोका. वर चार बोटं उंचवटा ठेवा, पावसात तो बसतो.

निघालेल्या मालाचं काय

तार आणि अँगल भंगारात जातात. वजन आपल्या समोर करून घ्या. आमच्या हजारेक फूट तारेचं तीसेक किलो भरलं. लाकडी डांब घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, त्यातली वाळवी चौकटीत शिरते. कुजलेलं बूड कापून वरचा चांगला भाग पडवळ-दोडक्याच्या मांडवाला वापरा. डांबर किंवा जळकं ऑइल लावलेलं लाकूड चुलीत घालायचं नाही. फुटके सिमेंट खांब कडब्याच्या गंजीखाली पाया म्हणून किंवा उताराच्या बांधाला चालतात. शहरात असाल तर हा राडारोडा घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, पालिकेकडे विचारून त्यांनी नेमलेल्या जागी पोचवा.

शेवटचं काम चुंबकाचं. जुन्या बिघडलेल्या स्पीकरचं गोल चुंबक काढून घ्या, दोरीला बांधा आणि कुंपणाच्या जुन्या रेषेवरून दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट हळूहळू ओढत चला. सगळं वेचून झालं अशी आमची खात्री होती, तरी पहिल्या फेरीत मूठभर खिळे निघाले. पहिला मोठा पाऊस पडून माती धुपली की पुन्हा एकदा फिरवा. आमच्याकडे जूनमधल्या त्या फेरीत आणखी अकरा निघाले, आणि त्यानंतरच गाय तिकडे सोडली.